दोन दोर

॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥
मालवण, ३ ऑगस्ट २००२

चि. सौ. सुगंधास,
ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं आणि डोकं फिरलं, म्हणून लगेच लिहायला बसले.

तू लिहितेस की माझा प्रितेश नि तुझा सुदेश घरी आले की पंखा बंद करून, भिंतीकडे तोंड करून भराभर बोलत बसतात. गाणं म्हणावं तर सूर नाही, भांडण म्हणावं तर राग नाही. तू विचारलंस तर म्हणे याला रॅप म्हणतात, अमेरिकेतले काळे लोक करतात. अमेरिकेतल्यांनी करावं की. त्यांच्या खोल्या मोठ्या असतील. तुझ्या कांजूरच्या दहा बाय बारात माणसांनी झोपायचं की यांचं ऐकायचं?

प्रितेशला मी फिटर व्हायला मावशीकडे ठेवला आहे, बडबड्या व्हायला नाही. बडबडीला आमच्या मासळी बाजारात जागा होती, एसटीचं भाडं तरी वाचलं असतं. तू गरीब, तू ओरडायची नाहीस. तेव्हा माझ्या नावाने दोघांच्याही पाठीत एकेक घाल. सुदेशला पण. तुझा असला तरी लहानपणी त्याचं नाक मीच पुसलं आहे.

सुके बांगडे आणि सोलं कसालला गाडीवाल्याकडे दिली आहेत. बांगडे उन्हात टाक, नाहीतर शेजारीण नाक दाबील.

पोरांवर धाक नि माझ्यावर माया, दोन्ही जरा वाढव.
तुझी ताई, आनंदी


कांजूरमार्ग, २९ ऑगस्ट २००२

ती. सौ. ताईस,
सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे डिंकाच्या पट्टीपर्यंत भरलेलं. उघडताना तुझी दोन वाक्यं फाटली, त्यात बहुतेक मलाच शिव्या होत्या. वाचून झाल्यावर दाराआडच्या तारेत ओवून ठेवलं. तिथे तुझी सगळी पत्रं आहेत.

पाठीत घालायला गेले होते गो. दाराशी थांबून ऐकलं नि हात खाली आला. एक जण गादीवर बसतो, दुसरा मोरीपाशी. प्रितेश आपल्या समुद्राचं काहीतरी सुरू करतो, सावकाश, लांब लांब ओळी. सुदेश तिकडून इथल्या नळाचं, जिन्याचं बोलतो. एकाचं दुसऱ्याशी काही नातं नाही. पत्र्याच्या डब्यावर ठेका असतो तेवढाच. मग ओळी आखूड होत जातात, एकाची संपायच्या आत दुसऱ्याची येते, नि शेवटी एकाची ओळ दुसरा उचलतो, दोघांच्या तोंडात एकच.

मी डोळे मिटले तर रापण दिसली. वाळूवर जाळ्याचा एक दोर या टोकाला, दुसरा पार त्या टोकाला. बाबा इथून हाळी द्यायचे, तिकडून भावोजी. एकमेकांची तोंडं दिसत नसत, नुसत्या हाळीवर दोन्ही टोळ्या ओढत ओढत जवळ येत. आपली पोरं दर मे महिन्यात त्याच दोरांना लोंबकळायची ना?

गंमत म्हणजे, आपला भाग दोघं एकमेकांपासून लपवून लिहितात. दुसरा काय बोलणार ते म्हणतानाच कळायचं, असा त्यांचा नियम. मी म्हटलं, फसलात तर? सुदेश म्हणाला, त्या टोकाला भाऊ आहे, कोण परका नाही.

हे तुझ्या बांगड्यांवर खूश आहेत. शेजारीणसुद्धा दोन मागून घेऊन गेली.
रागाने का होईना, लिहीत राहा.
तुझी सुगंधा


॥ श्री ॥
मालवण, १४ फेब्रुवारी २००५

चि. सौ. सुगंधास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पोरांनी मला बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. कॅशेट आली, नाव काय तर 'दोन दोर'. परवा कसालच्या बाजारात रिक्षावाल्याने लावलान, नि त्यात मधेच मी! 'ताजो बांगडो घे गो', अशी माझी हाक, न विचारता घातलेली. गेल्या दिवाळीत प्रितेश माझ्यामागून डबीएवढं यंत्र घेऊन फिरत होता ते यासाठी. आता मी खरी हाक मारली की पोरं हसतात नि पुढची ओळ म्हणतात. बांगडा मात्र घेत नाहीत.

ओला दोर लाकडावर घासतो तो आवाज पण घातलाय. आमच्या ह्यांना ऐकवला. तू भावोजींना ओळखतेस, बोलतील तर शपथ. कॅशेट संपली, तर उठून उलटी करून परत लावलान. एवढंच.

आणि ही साथ पसरली आहे. कुडाळात, वेंगुर्ल्यात, जिथे बघावं तिथे दोघा-दोघांच्या जोड्या. मोरीचा डबा घेऊन समोरासमोर बसतात नि आपापलं लपवलेलं म्हणतात. एकटा पोरगा तोंडच उघडत नाही. आमच्या वाडीतले दोघे तर सख्खे वैरी होते, या नादाने एका पारावर बसायला लागले.

माझं मत विचारशील तर प्रितेशचा आवाज वाळूसारखा खरखरीत, सुदेशचा धुतल्यासारखा. पण तुझा शब्दाची शेपटी गिळतो. सांग त्याला, मासळी अख्खी विकावी, शेपूट घरी ठेवू नये.

फिटरकी सुटली ती सुटलीच, त्याबद्दल मी तोंड शिवून घेतलंय. असं समज.
आहे तशी ताईवर माया ठेव, बदलू नकोस.
आनंदी


कांजूरमार्ग, ८ ऑक्टोबर २००५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तोंड शिवलेल्या ताईचं पाच पानी पत्र मिळालं.

आता मोठी बातमी. अंधेरीच्या एका कंपनीने दोघांना बोलावलं. टीव्हीवर मुलाखत झाली. मुलीने विचारलं, तुमचे गुरू कोण. प्रितेशने बापाचं नाव घेतलं, म्हणाला, दत्ताराम नावाचे एक गृहस्थ आहेत, ते दिवसातून चार शब्द बोलतात, त्यातले तीन हाळीचे. सगळे हसले. सुदेश मात्र हसला नाही. म्हणाला, खरंच आहे, तिकडची हाळी ऐकू आली नाही तर आम्हाला हात उचलता येत नाही.

कंपनीवाल्यांना सुदेश एकटा आवडतो, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळतं. दिसायला बरा, हिंदी चांगलं. पण त्याने सांगून टाकलं की एका दोराने जाळं येत नाही.

आणखी एक. गिरणी बंद झाल्यावर यांना जे पैसे मिळाले ते यांनी देवगडला एका धंद्यात घातलं आहे. काय ते सवडीने सांगेन. तुला आवडेल की नाही याची धास्ती वाटते, म्हणून आज नको.

धास्तीसकट जवळची समज.
सुगंधा


॥ श्री ॥
मालवण, २० नोव्हेंबर २००५

चि. सौ. सुगंधास,
आशीर्वाद.

धंदा काय तो मला नको सांगू, माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीने फुटायला आलंय. ट्रॉलर किनाऱ्याला घासून फिरतात. दहा वाव खोल पाण्याच्या आत यायचं नाही असा कायदा, पण कायदा वाचायला समुद्रात दिवा कोण लावतो? सगळं खरवडून नेतात. परवा साठ माणसांनी चार तास रापण ओढली, आणि आलं काय? टोपलीभर गाळ नि दोन खेकडे. आमचे हे दोर गुंडाळून तिथेच वाळूत बसले, जेवायला पण उठले नाहीत.

आणि सगळ्यात वरताण ऐक. त्यातल्या एका देवगडच्या बोटीचं नाव काय, तर 'जानकी'! आपल्या आईचं नाव गो! पाटीवर पिवळ्या रंगात. मी पाण्यात कमरेपर्यंत जाऊन शिव्या घातल्या. जिने आयुष्यात कोणाच्या ताटातला घास काढला नाही, तिचं नाव दरवडेखोराच्या बोटीवर!

मी प्रितेशला पण लिहून टाकलं आहे, बोटीच्या नावासकट. म्हटलं, तुला एवढं बोलता येतं ना, मग आता आमच्यासाठी बोल. बोट कोणाची ते माहीत नाही. ज्या मेल्याची असेल तो ऐकू दे.

उत्तर लवकर दे. माझा जीव कुठे लागत नाही.
ताई


॥ श्री ॥
मालवण, ९ फेब्रुवारी २००६

सुगंधा,
तीन महिने तुझं उत्तर नाही. आता कारण कळलं.

देवगडच्या महोत्सवाला मी गेले होते, पोरांना डोळे भरून बघायला. माणसं ही एवढी. शेवटचं गाणं नवीन होतं. प्रितेशने त्या टोकाने सुरुवात केली, रापणीचं, गाळाचं, दोन खेकड्यांचं. सुदेश या टोकाने गिरणीचं, बंद भोंग्याचं. ओळी जवळ येत गेल्या, लोक उभे राहिले. मग प्रितेश म्हणाला, 'आवशीचा नाव पाटयेर, आवशीचीच चूल विझयल्यान', आणि बोटीचं नाव घेतलान. जानकी. शेवटची ओळ तीच होती, दोघांनी मिळून म्हणायची. प्रितेश हात वर करून थांबला. सुदेश बोलला नाही. माईक खाली ठेवलान नि उतरून गेला.

लोकांना काय कळणार? त्यांनीच ती ओळ उचलली, हजार तोंडांनी. सकाळी धक्क्यावर बघितलं तर 'जानकी'चं जाळं कोणीतरी कापून चिंध्या केलेलं, नि त्या चिंध्या गोळा करीत बसलेला माणूस कोण? तुझा घोव. हरिश्चंद्र. माझ्याकडे बघितलान, ओळखलान, नि परत खाली बघितलान. मी पाय धरायला हवे होते. मी ओरडले. मला दुसरं येतं काय?

प्रितेशला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं! माझं पत्र वाचून तू गप्प राहिलीस. एक अक्षर लिहितीस, बोट आमची आहे ताई, तर मी पोराला थांबवला असता.

मी जास्त बोलले, तू बोललीच नाहीस, नि मधे पोरं बुडाली.
आनंदी


कांजूरमार्ग, २ मार्च २००६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

गिरणीच्या संपात आईने यांना वर्षभर पोटच्या पोरासारखं जेवू घातलं, म्हणून यांनी ते नाव दिलं होतं. मला आनंद व्हावा म्हणून. भागीदारीतली बोट आहे, ती चालवणारा तांडेल कुठे नेतो ते हे कांजूरला बसून बघू शकत नाहीत.

सुदेश म्हणतो, आजीचं नाव ऐकून कुठल्या नातवाला कळणार नाही? प्रितेशने जाणून केलं असं त्याने मनात घेतलंय. प्रितेशने परवा बॅग भरली. मी त्याला थांबवलं नाही.

काही दिवस लिहू नकोस.
सुगंधा


॥ श्री ॥
मालवण, १८ नोव्हेंबर २००७

चि. सौ. सुगंधास,
आशीर्वाद. लिहू नकोस म्हणालीस, मी दीड वर्ष नाही लिहिलं. माझ्यासारखीने. आता पुरे.

प्रितेश रोज वडलांबरोबर रापणीवर जातो. ओढतो चार माणसांचं, पण हाळीला तोंड उघडत नाही. पूर्वी जेवताना ताटावर बोटं वाजवायचा, मी ओरडायचे. आता वाजवत नाही, तर मीच मधे मधे चमचा आपटून बघते. मान वर करीत नाही. नवशिकी पोरं अजून घरी येतात, आपलं लिहिलेलं दाखवायला. त्यांना चहा पाजून वाटेला लावतो. सुदेशला लिही म्हटलं, तर म्हणतो, ज्याने विचारलं नाही त्याला काय सांगायचं.

सुदेशची एकट्याची कॅशेट ऐकली. मोठे बाजे आहेत, चकचकीत आहे, खपते पण म्हणे. पण तो दोन्ही टोकांचं स्वतःच बोलतो गो. इकडून बोलतो नि धावत तिकडे जाऊन स्वतःलाच उत्तर देतो. ऐकून मलाच धाप लागली. तुला लागत नाही?

आता नीट ऐक. तुझ्या दाराआडच्या तारेत माझं २० नोव्हेंबरचं पत्र असेल. त्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे की प्रितेशला नाव मी कळवलं, आणि बोट कोणाची ते माहीत नाही. ते पत्र काढ आणि सुदेशला वाचून दाखव. बस्स. दुसरं काही करू नको.

मला कळतं तू का वाचत नाहीस. ते वाचलंस की सुदेश विचारणार, मग तू का गप्प बसलीस. तुझा घोव पण विचारणार. विचारू दे! माझी चूक हजार माणसांनी ओरडून म्हटली, तुझी एका खोलीत कळली तर काय मरशील?

मी चिडले आहे, पण पत्राच्या शेवटी माया मागायची असते म्हणून मागते.
आनंदी


(पोस्टकार्ड)
मालवण, ११ जानेवारी २००८

वाचलंस काय?
ताई


(पोस्टकार्ड)
मालवण, ३ मार्च २००८

पोस्टमन पण हे कार्ड वाचतो नि मला विचारतो, वाचलान काय म्हणून. त्याला काय सांगू?
ताई


कांजूरमार्ग, १५ जून २००८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाचलं. पोस्टमनला सांग.

तारेतून काढताना वरची सगळी पत्रं खाली पडली. रविवार होता, हे नि सुदेश दोघेही घरी होते. मी उभी राहून वाचलं, तुझ्या शिव्यांसकट. हे उठून गॅलरीत गेले. मग आत येऊन मला म्हणाले की तू मला सांगितलं असतंस, तर मी पाटी पुसून टाकली असती, आईचं नाव मनात ठेवलं असतं. जाळ्याबद्दल चकार शब्द नाही. तेवढंच म्हणाले नि पाणी प्यायले.

सुदेशने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. दोनदा. मला वाटलं ओरडेल. त्याने विचारलं, आई, तेव्हा तू कोणाला घाबरलीस, ताईमावशीला की बाबांना? मी म्हटलं, दोघांना. तो म्हणाला, मी पण घाबरलो होतो, म्हणून प्रितेशला विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला असता तर?

नंतर आठवडाभर घरी आला नाही. कंपनीशी काहीतरी फाटलं. परवा आला, पत्र्याचा जुना डबा माळ्यावरून काढला नि घेऊन गेला. एक सीडी पाठवतो म्हणाला, तुझ्या नावावर, प्रितेशच्या नाही. घ्यायची की नाही ते त्याचं त्याने ठरवावं.

ताई, तू नेट लावला नसतास तर मी अजून त्या तारेखालून मान घालून जात राहिले असते.
तुझीच, गप्प बसणारी, सुगंधा


॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥
मालवण, १९ ऑगस्ट २००८

चि. सौ. सुगंधास,
ताईचे अनेक अनेक आशीर्वाद.

आधी सीडीचं सांगते. आली, शेजाऱ्याच्या यंत्रावर लावली. डब्याचा ठेका, मग सुदेश बोलतो, सावकाश, लांब ओळ, शेपूट न गिळता. आणि मग काहीच नाही. नुसता डबा वाजतोय. परत तो बोलतो, परत काही नाही. मला वाटलं बिघडकी पाठवलान. तशीच एसटीत बसले, कसालच्या दुकानात गेले नि त्या माणसाला धरला. म्हटलं, यातला अर्धा माणूस कुठे गेला? त्याने तीनदा लावून बघितली. म्हणाला, काकी, सीडी चांगली आहे, ही जागा मुद्दाम ठेवलेली आहे. मी म्हटलं, मुद्दाम रिकामं कोण विकतं? तो म्हणाला, काकी, ही विकायची नाहीच, हिच्यावर हाताने नाव लिहिलंय. बघितलं तर खरंच. पेनाने लिहिलेलं, 'दोन दोर'.

घरी आणून लावली. यंत्र शेजाऱ्याकडून उचलूनच आणलं. प्रितेश पडवीत आंघोळीचं पाणी घेत होता. पहिली रिकामी जागा गेली. दुसरी गेली. तो तांब्या हातात घेऊन उभा. ओळी आखूड व्हायला लागल्या, नि पुढच्या जागेत तो काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही, घागर भरून वाहत होती नि मी नळ बंद करायला पण उठले नाही. त्याच्या पुढच्या जागेत मोठ्याने बोलला. शेवटच्या ओळीला दोघे एकदम आले. बाहेर आमचे हे जाळं शिवत होते. सुई थांबवून म्हणाले, दोनय दोर सारखे लागले. पाच वर्षांतलं सगळ्यात मोठं वाक्य.

आता दुसरं. नारळी पौर्णिमेला इथल्या समुद्राला नारळ देऊन मी देवगडची गाडी पकडली. ह्यांना सांगितलं कुठे जाते ते. रापणकराची बायको ट्रॉलरची पूजा करायला जाते म्हटल्यावर वाडीत काय बोलतात ते तुला लिहीत नाही. हरिश्चंद्र धक्क्यावरच होता. पाटी अजून तशीच, पिवळी. मी 'जानकी'ला हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला, नि आईची माफी मागितली. मग त्याची. तो रडायला लागला तर म्हटलं, थांब, अजून संपलं नाही. नारळ मी ठेवला आहे, पण तुझा तांडेल दहा वावाच्या आत आला तर पहिला दगड पण मीच मारीन. तो डोळे पुसत हसला. म्हणाला, ताई, तांडेल बदललाय, यंदा मी स्वतः बोटीवर राहणार. बघू. बोलण्यावर नाही, समुद्रावर बघू.

प्रितेश उद्या नांदगावला तुमच्याकडे यायची गाडी पकडतो. देवगडच्या एका पोराला बरोबर घेतोय, तो पण डबा बडवणारा. म्हणून त्या बाजूने. चार दिवस म्हणून निघाला आहे, पण फाटके कपडे सोडून सगळे घेतलान. त्यालाच हे पत्र देते आहे. त्याला दारात बघून सुदेश काय करतो ते मला कळव. आणि तुला लिहवत नसेल तर दोघांतल्या कोणाकडून लिहवून घे.

आणि बघ, यावेळी खाली चार बोटं जागा कोरी सोडली आहे. मला ती बघवत नाही, तीनदा पेन तिकडे गेलं. बिघडकं समजू नको. तिथे तुझं लिही, नि हेच पत्र परत पाठव.

तुझी ताई, आनंदी